दोन वाजताची सिगारेट

आमच्या छापखान्यात कटिंग मशीनची एक वही आहे. पाळी संपली की मशीनवरच्या माणसाने तिच्यात तारीख घालायची, वेळ घालायची, ‘मशीन ठीक’ असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. अकरा वर्षांत ‘ठीक’ लिहिताना माझं पेन कधी अडखळलं नाही. पातं बोथट असो, क्लॅम्पमधून तेल गळत असो, वहीत ठीक. ठीक सोडून दुसरं काही लिहिलं की मॅनेजरला मशीन बंद करावं लागायचं, बाहेरून मेकॅनिक येईपर्यंत दोन दिवस जायचे, आणि मग ज्याने लिहिलं त्याच्याकडे तो असा बघायचा, की जणू त्यानेच मशीन चावून मोडलंय. त्यामुळे वही स्वच्छ असायची.

खरं काय ते मागच्या जिन्यावर सांगायचं. गोदामाच्या पाठीमागे एक लोखंडी जिना आहे, त्याच्या तिसऱ्या पायरीवर. दोन वाजता माझी पाळी संपायची आणि साडूची सुरू व्हायची. साडू म्हणजे सख्खा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला या नोकरीला लावलं मी, मशीन शिकवलं मी, आणि कामाच्या मधे सिगारेट कशी ओढायची हेही दुर्दैवाने मीच शिकवलं. दोघं पायरीवर बसायचो, एकाच काडीवर दोन सिगारेटी पेटायच्या आणि मी सांगायचो, “डाव्या अंगाला अर्धा मिलिमीटर जास्त घेतंय,” किंवा “पातं संध्याकाळपर्यंत चालेल, नंतर बदल.” तो धूर सोडून म्हणायचा, “घेतलं.” हे ‘घेतलं’ ऐकल्याशिवाय मी जिना उतरायचो नाही. हा नियम माझा होता. छापखान्यात भिंतीवर चौकटीत लावलेले बावीस नियम होते, ते कोणी पाळत नव्हतं. हा आम्ही पाळायचो.

मग साडूला दम लागायला लागला. कागदाचं रीम उचललं की शिट्टी वाजल्यासारखा श्वास. डॉक्टरने छाती तपासली आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या बायकोकडे बघितलं. झालं. दोघी बहिणी एकत्र आल्या. या दोघी एकत्र आल्या की आम्हा दोघांची काय बिशाद! कुठून तरी त्यांनी एक संमोहनवाला शोधून काढला. सिगारेट सोडवतो म्हणे. औषध नाही, गोळी नाही, नुसता बोलतो. मी त्याचं नाव ठेवलं डोळेमिट्या.

“त्यांना एकट्यालाच कशाला पाठवायचं?” बायको म्हणाली. “तुम्हीही जा. त्यांना लावलीत तुम्ही, आता सोडवायलाही तुम्हीच जा.”

गेलो. चष्म्याच्या दुकानावर त्याची खोली होती. मला वाटलं होतं, दाढी असेल, अंगठ्या असतील. तर हा एक साधा, टक्कल पडलेला, सर्दी झालेला माणूस. टेबलावर रुमालांचा खोका, पाठ टेकायची एक खुर्ची, खिडकीला जाड पडदा. आधी त्याने आम्हाला दोघांना एकेक कार्ड दिलं. तीन रकाने होते: कधी ओढता, कुठे आणि कोणाबरोबर ओढता, आणि त्याऐवजी काय करणार. “सिगारेट एकटी नसते,” नाक पुसत तो म्हणाला. “तिच्याभोवती बरंच काही चिकटलेलं असतं. ते मोकळं केलं की ती सुटते.” साडू मान खाली घालून परीक्षेला बसल्यासारखा लिहीत होता. मी कार्डाची घडी करून खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.

मग एकेकाला आत घेतलं. आधी मला. हात सैल सोडा, डोळे मिटा, मी वीसपासून उलटं मोजतो. मोजताना त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. उजवा हात जड होतोय, म्हणाला. आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही: अकराच्या आसपास माझा हात खरंच जड झाला. खुर्चीच्या हातावरून उचलेना. मी इतका घाबरलो की धडपडत उठलो, “नाटकं आहेत सगळी” असं मोठ्याने म्हणालो आणि बाहेर आलो. बायकोला सांगितलं, त्या माणसाला काही येत नाही. ती म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

साडू पाऊण तास आत होता. बाहेर आला तो आठ तास झोपून उठल्यासारखा. प्यायला पाणी मागितलं, खाली रस्त्यावर आला आणि भरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. भरलेलं!

सोमवारी दोन वाजता मी तिसऱ्या पायरीवर बसलो. काडी हातात. साडू आला नाही. सव्वादोनला आत डोकावलो, तर हा पुढच्या दाराने येऊन मशीनवर कागद लावत उभा.

“काय रे?”

“साडूभाऊ, जागा आणि वेळ बदलायची असं ठरलंय. तीन आठवडे.”

“आणि माणूस?”

तो गडबडला. “तसं नाही... तुम्ही ओढत असाल तेव्हा फक्त थोडं लांब.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं एका पायरीवर बसलेला माणूस मला सांगतो, लांब! त्याच्या लग्नात मी मांडवाच्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत केलं होतं. त्याचं पोर पहिल्यांदा तापलं तेव्हा दवाखान्यात मी धावलो होतो. आणि आता मी कोण, तर तीन आठवडे टाळायची गोष्ट. माणूस नाही, सवय. मी ठरवलं, आपणही बघू किती दिवस टिकतो ते. खोटं कशाला बोलू, तो पुन्हा ओढायला लागावा असंच मला वाटत होतं. रोज दोन वाजता मी पायरीवर बसून दाराकडे डोळे लावायचो. त्याने एकदा माघार घेतली असती, तर मी एका शब्दाने चिडवलं नसतं.

तिसऱ्या दिवशी त्याने वेगळाच प्रकार केला. मी वहीत सही करत होतो, तर हा दोन कप चहा घेऊन मशीनपाशी उभा. “साडूभाऊ, इथेच बसू ना. चहा घेऊ, बोलू.” सगळं पॅकिंग खातं बघत होतं. मी म्हणालो, “चहा पाजून मलाही डोळे मिटायला शिकवतोस काय? माझी पाळी संपली.” सगळे हसले. मीही हसलो. तो दोन्ही हातांत दोन कप धरून तसाच उभा राहिला. त्यानंतरही एकदोनदा त्याने विचारलं, “मशीनचं काही आहे का, साडूभाऊ?” मी म्हणायचो, “वहीत बघ.” आणि वहीत काय असतं ते दोघांनाही माहीत होतं.

अशी अठरा दिवस चालली ही अढी. एकोणिसाव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, मशीनने मला दगा दिला.

कटिंग मशीन कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कागदाचा गठ्ठा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबलं की क्लॅम्प खाली येऊन गठ्ठा धरतो. मग दोन्ही हातांनी दोन बाजूंची दोन बटणं दाबायची, की पातं पडतं. दोन बटणं अशासाठी, की दोन्ही हात बाहेर असावेत. शिवाय मशीनच्या तोंडाशी एक डोळा असतो. आत हात आहे असं दिसलं की पातं जागच्या जागी थांबतं. आमच्या मशीनचा डोळा दोन वर्षांपासून बंद होता. कागदाच्या धुळीने तो सारखा मशीन थांबवायचा, काम रेंगाळायचं, म्हणून मॅनेजरने “सध्या” बंद करायला सांगितला होता. त्याच्यासमोरच मी तार काढली होती.

त्या दिवशी मी बटणं दाबली, पातं पडलं, वर गेलं. मी बटणं सोडून कापलेला कागद काढायला हात पुढे केला आणि पातं पुन्हा पडलं. आपणहून. माझी बोटं आणि पातं यांच्यात वीतभर अंतर असेल. पाच मिनिटं नुसता उभा होतो. मग प्रत्येक वेळी बटणं सोडल्यावर दोन मोजायचं आणि मगच हात घालायचा, असं करत दोनपर्यंत काम केलं. तासाभरात आणखी एकदा पडलं. वहीत ‘ठीक’ लिहिलं. साडूला सांगायचंच आहे, असं मनात म्हणालो.

जिन्यावर गेलो. सिगारेट पेटवली. इतकी तलफ मला आयुष्यात कधी आली नव्हती. तो येणार नाही हे ठाऊक असूनही मी दहा मिनिटं त्याच पायरीवर बसलो, कारण मला वाटत होतं की आज तरी त्याने यावं. आज मला त्याला सांगायचं होतं की मी मरता मरता वाचलो. तो आला नाही. मग मी आत गेलो, तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं.

तो गठ्ठे लावत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, “ऐक रे, मशीन...”

त्याने पंजा वर केला. दुसऱ्या हाताचा अंगठा करंगळीवर दाबला, डोळे मिटले आणि तोंडाने हळूहळू श्वास सोडला. डोळेमिट्याने शिकवलेलं. तलफ आली की असं करायचं.

“साडूभाऊ, दोन मिनिटं,” डोळे न उघडताच तो म्हणाला. “तुमच्या अंगाला वास येतोय. आज मला फार जड जातंय. जरा लांब उभे राहता का?”

पॅकिंगमधल्या दोन बायका बघत होत्या. एक तोंडाला हात लावून हसली.

“मर मग,” मी म्हणालो.

आणि गेलो. घरी गेलो, जेवलो, पाय पसरून पडलो. पाऊण तास मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडलो आणि प्रत्येक वेळी जिंकलो. एकदा मनात आलं, फोन करावा. फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. मला वाटलं, गरज त्याला आहे, येईल तो.

सव्वाचारला बायकोचा फोन वाजला. ती ऐकत गेली आणि भिंतीला धरून खाली बसली. “बोटं,” एवढंच म्हणाली.

डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची. एक पेरापासून गेलं, दुसरं मुळापासून. दवाखान्यात मेहुणी बाकावर बसली होती. रडत नव्हती, नवऱ्याचे कपडे घातलेली प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसली होती. छापखान्यातले दोघंतिघं आले होते. त्यातला एक, बॉयलरसारखं पोट असलेला, हळूच दुसऱ्याला म्हणाला, “आता सिगारेट सुटली म्हणायची. धरणार कशात?” मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवला. बायकोने मला मागे ओढलं. नर्सने बाहेर काढलं. बाहेर उभा राहून मी एकामागून एक पाच सिगारेटी ओढल्या. सगळा राग एकाच माणसावर जात होता: तो सर्दीवाला, तो डोळेमिट्या. त्याने माझ्या साडूला माझ्यापासून तोडला. त्याने जिना बंद केला. जिना चालू असता, तर बोटं जागेवर असती. या हिशेबात कुठे खोट आहे ते मला दाखवा, असं मी रात्रभर छताला विचारत होतो.

“तुम्ही काल त्यांना काही सांगितलं होतंत का मशीनचं?” सकाळी बायकोने विचारलं.

“मी आधी त्या संमोहनवाल्याला बघून येतो,” मी म्हणालो.

“वड्याचं तेल वांग्यावर काढू नका,” ती म्हणाली. “मी काय विचारलं?”

मी दार आपटून बाहेर पडलो. मेहुणीने घरी न्यायला दिलेली कपड्यांची पिशवी अजून माझ्या गाडीला लटकत होती. ती काढून हातात घेतली आणि चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढलो. आत एक बाई खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. मी म्हणालो, “उठा बाई, बोटं जातील.” ती घाबरून गेलीच.

तो उठून उभा राहिला. मी पुष्कळ बोललो. माणसं तोडतोस, म्हणालो. लोकांना झोपवून पैसे घेतोस, म्हणालो. त्याला मशीनपुढे अर्धवट झोपेत उभा केलास तू, म्हणालो. मला वाटलं होतं, तो ओरडेल, हाकलेल, मग मला त्याच्या टेबलावरचं काहीतरी फोडता येईल. तो ऐकत राहिला. मधे एकदा नाक पुसलं.

“झोपेत नव्हते ते,” शेवटी तो म्हणाला. “असं कोणी झोपेत राहत नाही. उलट फार जागे असतात लोक या दिवसांत. पण एक चूक माझी आहे. मी त्यांना जागा विचारली, वेळ विचारली. त्या जिन्यावर तुम्ही सिगारेट सोडून आणखी काय करत होतात, ते विचारलं नाही. काय करत होतात?”

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बोलायचो,” मी म्हणालो. “मशीनबद्दल. जे वहीत लिहिता येत नाही ते.”

“आणि जिना बंद झाल्यावर ते कुठे बोलायचं ठरलं होतं?”

“तूच सांगितलंस त्याला, माणूस टाळ म्हणून!”

“माणूस टाळायला मी सांगत नाही,” तो म्हणाला. “त्यांनी त्या जागी काय लिहिलं होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. कार्ड त्यांचं आहे.”

मी जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर, चष्म्यांच्या काचेसमोर उभा राहून पिशवी उघडली. शर्टाच्या खिशात कार्ड होतं. एका कोपऱ्यावर डाग पडला होता. साडूचं अक्षर गोल, शाळकरी. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: दुपारी दोन. मागचा जिना, साडूभाऊ. आणि ‘त्याऐवजी’च्या रकान्यात: साडूभाऊंना मशीनपाशी चहाला बोलावणे. पाळीचं बोलणं सोडायचं नाही.

खाली पेन्सिलीने रोजची नोंद होती. तिसरा दिवस: बोलावलं. आले नाहीत. दोन्ही चहा मीच प्यायलो. सहावा दिवस: विचारलं, चिडले. अकरावा: उद्या पुन्हा विचारतो. एकोणिसाव्या दिवसासमोर काही नव्हतं.

माझ्या मागे काचेत पंचवीस-तीस चष्मे होते आणि मी रस्त्यावर उभा राहून स्वतःलाच मोठ्याने शिवी दिली. एक माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

तिथून छापखाना. मॅनेजर माझीच वाट बघत होता. खुर्ची पुढे केली, जी त्याने अकरा वर्षांत कधी केली नव्हती. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता.

“तीन वाजता सरकारी तपासणीचे साहेब येतायत,” तो म्हणाला. “घाबरू नकोस, तुझ्यावर काही नाही. तुझा साडूच सकाळी बोलला. त्याचं म्हणणं, साडूभाऊंनी मला मशीन नीट सोपवलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. सिगारेट सोडल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तर सगळ्यांनी पाहिलंय. डोळे काय मिटायचा, बोटं काय दाबायचा! आता असल्या माणसाला मशीनवर परत घेता येणार नाही, वाईट वाटतं, पण काय करणार. तू फक्त लिहून दे, मशीन ठीक होतं आणि तू नीट सोपवलंस. वहीत तसं आहेच.”

सकाळी मी चष्म्याच्या दुकानावर हेच ओरडत होतो. शब्द न् शब्द हेच. आता ते त्याच्या तोंडून, इतक्या गोड आवाजात ऐकताना मला शिसारी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळायला कालपासून मीच बसलो होतो. आणि तिकडे तो, अर्धा हात बांधलेला, माझ्यासाठी खोटं बोलून मोकळा झाला होता. त्याचाही मला राग आला. त्याला कोणी सांगितलं होतं?

“वही द्या,” मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी सही पुन्हा बघतोय. मी कालचं पान काढलं. ‘मशीन ठीक’वर काट मारली आणि खाली लिहिलं: साडेबारा वाजता पातं आपोआप दुसऱ्यांदा पडलं. दीड वाजता पुन्हा पडलं. मला माहीत होतं. मी ठीक लिहिलं आणि पुढच्या माणसाला सांगितलं नाही. मशीनचा डोळा दोन वर्षांपासून बंद आहे. तार मी काढली, मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून. खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

मॅनेजरने वाचलं. तो पांढरा पडला, मग लाल झाला. “तू घरी बसशील.”

“बसतो.”

“तुझ्यावर केस होईल. माझ्यावर नाही, तुझ्यावर!”

“होऊ दे.”

त्याने वहीकडे हात केला. मी ती उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. हे पान मी बाहेर गेलो की फाटणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. तो बाहेर गेला, परत आला, समजावलं, धमकावलं, माझ्या बायकोचं नाव काढलं. मी हललो नाही. तलफेने माझी मान आखडली होती, जीभ कोरडी पडली होती. जिना तिथून चाळीस पावलांवर होता. घड्याळात दोन वाजले. मी वीसपासून उलटं मोजायला लागलो, आणि एकावर आलो की पुन्हा वीसपासून. त्या सर्दीवाल्याला शिव्या घालत मोजलं, पण मोजलं. तीन वाजून दहा मिनिटांनी तपासणीचे साहेब आले, तेव्हा मी वही उघडून त्यांच्याच हातात दिली.

पाचला दवाखान्यात गेलो. बाहेरच्या टपरीवरून दोन कप चहा घेतला. मेहुणी पलंगाशी बसली होती. मला बघून उठली, म्हणाली, “भाऊजी, तुम्ही बसा, मी औषधं आणते,” आणि गेली. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

साडू जागा होता. डावा हात उशीवर उंच ठेवलेला, पांढऱ्या गाठोड्यासारखा.

“मर म्हणालात तुम्ही मला,” तो म्हणाला.

“हो.”

“मशीनचं काहीतरी सांगायला आला होतात. मला नंतर कळलं. पातं वर गेलं आणि पुन्हा खाली आलं, तेव्हाच कळलं की तुम्ही हेच सांगायला आला होतात.”

मी कप खाली ठेवले.

“मॅनेजरला मी तसं का सांगितलं, ते नीट ऐका,” तो म्हणाला. “उपकार केले असं समजू नका. माफही केलं नाही. दोघी बहिणी आहेत. एका घराची चूल विझली, दुसऱ्या घराची तरी पेटती राहू दे, एवढाच विचार केला.”

“मी वहीत खरं लिहून आलोय. सगळं. साहेबांच्या हातात दिली वही.”

त्याचा चेहरा असा तापला, की मला वाटलं तो उजव्या हाताने कप फेकून मारेल.

“आज?” तो म्हणाला. “आज लिहिलंत? एवढं खरं बोलता येत होतं तुम्हाला, तर काल एक वाक्य नाही बोलता आलं? मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले! दोन मिनिटं मागितली होती मी. दोन मिनिटं, साडूभाऊ.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. माझ्या आवाजात रडू होतं आणि त्याचीही मला चीड येत होती.

बाहेर कोणीतरी चाकांची खाट ढकलत गेलं.

“सांगा,” तो म्हणाला.

“काय?”

“काल जे सांगायला आला होतात ते. सांगा.”

“आता काय उपयोग त्याचा?”

“तुमचाच नियम आहे. सांगितल्याशिवाय पाळी संपत नाही. सांगा.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“पातं दोनदा पडतंय,” मी म्हणालो. “बटणं सोडल्यावर, आपणहून. हात आत घालायच्या आधी दोन मोज. सांभाळून काम कर.”

त्याने मान वळवून आपल्या बांधलेल्या हाताकडे बघितलं.

“घेतलं,” तो म्हणाला. “आता जा तुम्ही.”

मी उठलो. त्याचा चहा तसाच होता. तो मी त्याच्या उजव्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला आणि निघालो.